पांढरी बाजू बाहेर

वारणेकाठच्या हळदवाडीत सर्जेराव चौगल्यांना भित्रा म्हणायची कुणाची छाती नव्हती. चाळीस वर्षं हा माणूस गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून उभा होता. समोर खोलीएवढी काहील, तिच्यात खदखदणारा उसाचा रस, खाली चुलवाणाचा जाळ, आणि वर वाफेत सर्जेराव. एका हिवाळ्यात फडातून बिबट्या थेट गुऱ्हाळात शिरला, तेव्हा बाकीचे ट्रॉलीवर चढले आणि सर्जेरावांनी हातातला झारा उगारून त्याला "चल हट, पाक बिघडंल" म्हणून हाकललं होतं. बिबट्यानंही ऐकलं, असं सांगतात.

अशा माणसाला भीती एकाच गोष्टीची होती. ती गोष्ट पांढरा कोट घालून यायची आणि "आ करा" म्हणायची.

गंमत अशी, की सर्जेरावांचं सगळं नाव दातावरच उभं होतं. पाक तयार झाला की नाही हे ओळखायची त्यांची रीत अशी: पळीभर पाक थंड पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायची आणि डाव्या खालच्या दाढेखाली धरायची. गोळी चिकटली तर अजून वेळ आहे. कुरकुरली तर उशीर झाला. दाढेखाली 'टक' करून सुटली, की सर्जेराव हात वर करायचे आणि सात-आठ गडी मिळून काहील उतरवायचे. मालकानं दोन वर्षांपूर्वी पाकमापक बसवला होता. तो काहिलीत बुडून आकडे बोलायचा. पण गडी त्या आकड्यांकडे कान द्यायचे आणि डोळे सर्जेरावांच्या हाताकडे लावायचे.

दोन हजार सत्तेचाळीसच्या दसऱ्याला नेमकी तीच दाढ सुजली.

"आवो, तोंड बगा आरशात. एका गालात लिंबू धरल्यागत दिसतंय," त्यांची बायको वैजंता म्हणाली.

"लवंग धरलीया. उतरंल."

"तीन आठवडं लवंगच धरलीया तुमी. आता घरात मसाल्याला लवंग न्हाई."

वैजंताबाई बोलायला फटकळ, पण त्या तीन आठवड्यांत त्यांनी नवऱ्याला भाकरी दुधात कुस्करून दिली होती, आणि त्याबद्दल एका शब्दानं चिडवलं नव्हतं. सर्जेरावांना त्याचीच जास्त काळजी वाटली. बायको चिडवायची थांबली म्हणजे दुखणं खरं आहे.

दाताच्या डॉक्टरकडे ते गेलेच नव्हते असं नाही. पाच ठिकाणी गेले होते. पाचही ठिकाणांहून परत आले होते, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. दोष, म्हणायचाच झाला तर, एका फार चांगल्या यंत्राचा होता.

त्या यंत्राचं नाव सहवेदक. दहा-बारा वर्षांपूर्वी ते निघालं तेव्हा लोकांनी अक्षरशः पेढे वाटले होते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना त्रिशाखी नावाची चेता असते. तिच्या तीन फांद्यांपैकी दोन जबड्यात उतरतात आणि प्रत्येक दातापर्यंत पोचतात. दात दुखतो म्हणजे त्या फांदीतून विजेची बारीक थरथर मेंदूकडे जाते. सहवेदक ही थरथर कातडीवरूनच वाचतो. एक मऊ पट्टा रोग्याच्या जबड्याला, दुसरा डॉक्टरच्या. रोग्याचा डावा सुळा दुखला, की त्याच क्षणी डॉक्टरच्या डाव्या सुळ्यात तसाच ठणका, फक्त पाचव्या हिश्शाचा. नुसतं दुखणंच जात नाही. जबड्याचा ताण, नाडीची धडधड, अंगावर येणारा काटा, म्हणजे दुखण्याच्या आधीचा धसकासुद्धा पट्टा वाचतो आणि पलीकडे पोचवतो.

मूळ हेतू होता तो बोलता न येणाऱ्यांसाठी, तान्ह्या बाळांसाठी. पण दातांच्या दवाखान्यांत तो आला आणि डॉक्टरांचे हात बघता बघता हलके झाले. "काही होत नाही हो, उगाच घाबरता" हे वाक्य वर्षभरात नाहीसं झालं, कारण काय होतं ते आता म्हणणाऱ्यालाही कळत होतं. मग सहवेदकाशिवाय दाताला हात लावायचा नाही, असा नियमच झाला.

आणि मग पुढचं घडलं, जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दिवसाला बारा रोगी तपासणाऱ्या डॉक्टरला दिवसाला बारा दातदुख्या होऊ लागल्या. दुखणं त्यांनी सोसलं, पण धसका सोसवेना. घाबरट रोग्याचा पट्टा जोडला की डॉक्टरचे हात थरथरायचे. थरथरत्या हातांनी काम करणं धोक्याचं, म्हणून दवाखान्यांच्या दारात एक काचेची पाटी आली. तिच्यावर तळहात ठेवायचा. ती तुमचा भयांक सांगते, शून्य ते शंभर. ऐंशीच्या आत असाल तर दार उघडतं. वर असाल तर एक गोड आवाज म्हणतो, "आपण थोडं शांत होऊन पुन्हा यावं."

म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त भीती, त्यालाच डॉक्टर नाही. दया यावी म्हणून काढलेल्या यंत्रानं हे करून ठेवलं होतं.

सर्जेरावांचा भयांक चौऱ्याण्णव. पाचही ठिकाणी चौऱ्याण्णव. एकदा तर त्यांनी एसटी स्टँडच्या बाकावर बसून अर्धा तास प्राणायाम केला आणि मग पुन्हा जाऊन तळहात ठेवला. शहाण्णव आला.

"राजारामपुरीत एक हुक्केरी डाक्टरीण हाय," वैजंताबाईंनी महिला मंडळातून बातमी आणली. "ती ऐंशीच्या वरची माणसं घेती म्हणं."

"का बरं घेती?"

"ते तिला इचारा. कपडं घाला."

डॉ. शांभवी हुक्केरींच्या दारात काचेची पाटी होती, पण तिच्यावर कुंडी ठेवलेली होती. डॉक्टर पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेल्या. सर्जेराव खुर्चीवर बसायला तयार नव्हते, म्हणून त्या स्वतःच बाहेर येऊन बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या. रिकाम्या हातानं कुणाकडे जायची सर्जेरावांना सवय नव्हती. त्यांनी खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढून दिला. दाताच्या डॉक्टरला गूळ द्यावा की नाही हा विचार त्यांच्या मनात खडा दिल्यावर आला. डॉक्टरांनी मात्र हसून तोंडात टाकला आणि डाव्या गालात ठेवून चघळला.

"दुखंल का?" सर्जेरावांनी एकदम विचारून टाकलं.

"दुखेल," डॉक्टर म्हणाल्या.

सर्जेराव बघतच राहिले.

"आठवडाभर गोळ्या घेऊन आधी सूज उतरवू, मग दाढ ठेवून तिच्या आतली नस काढू. तरी अशा दाढेला भूल पूर्ण चढत नाही. तीन-चार वेळा चांगलंच दुखेल. पण किती दुखतंय ते मलाही कळेल, आणि तुम्ही हात वर केलात की मी थांबेन. आणि काका, हे टाळता येणार नाही. ही सूज मानेत उतरली तर दाढेचं नाही, जिवाचं होऊन बसेल."

वैजंताबाईंनी नवऱ्याचा दंड धरला. मग सर्जेरावांनी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आठ वर्षांचे असताना वडगावच्या आठवडी बाजारात वडिलांनी त्यांना एका दात काढणाऱ्यापुढे बसवलं होतं. जमिनीवर चादर, चादरीवर दातांची रास. "बाळ, डोळं मिट, मुंगी चावल्यागत वाटंल," तो म्हणाला. वडीलही म्हणाले, "कायबी व्हत न्हाई." मग वडिलांनी हात धरले आणि त्या माणसानं उजवी वरची दाढ ओढून काढली. मेली मुंगी.

"दुखलं त्याचं काय न्हाई, डाक्टरीणबाई. काहिलीनं हात चारदा भाजलाय माझा. पर दोगंबी खोटं बोललं. आबाबी."

डॉक्टर म्हणाल्या, "मी खोटं बोलणार नाही. करून बघा परीक्षा."

सर्जेरावांनी खरोखरच परीक्षा केली. खुर्चीत बसले, आ केला, आणि डॉक्टरांनी नुसता आरसा तोंडात धरला की हात वर. डॉक्टर थांबल्या. परत आरसा, परत हात. पुन्हा थांबल्या. असं चार वेळा झालं. दर वेळी त्या मागे सरून, हात मांडीवर ठेवून बसल्या, आणि चेहऱ्यावर कंटाळ्याची रेघसुद्धा नाही. पाचव्यांदा सर्जेरावांनाच लाज वाटली.

"एक इचारू? नस काढल्यावर दाढंला गोळी कळंल का? मला पाकाची 'टक' ऐकू येती ती हितं."

"कळेल. दुखतं ते आतल्या नसेमुळे, पण दाबाची जाण त्या नसेत नसते. दात हाडात रुतलेला असतो ना, त्याच्या मुळाभोवती पातळ गादी असते. सगळी जाण त्या गादीत. ती मी तशीच ठेवणार आहे."

"म्हंजे दाढ आतनं मरणार, पर तिला समजणार समदं."

"असंच," डॉक्टर म्हणाल्या. "मी जपून करीन."

आठवड्यानं सूज उतरली आणि दिवस उजाडला. सर्जेराव मळका, भाजल्या कडांचा टॉवेल घेऊनच आले. काहिलीपुढे उभं राहताना ते हनुवटीखालून डोक्यापर्यंत हा टॉवेल बांधायचे. हे बांधलं की त्यांना कुणाचं भय वाटायचं नाही.

"हे बांधू द्या. पट्ट्यावरनं बांधतो. आन् पट्टाबी मीच लावतो, दुसऱ्याचा हात जबड्याला नगं."

डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी पट्टा हातात दिला. एक बाजू पांढरी, एक करडी. पांढरी वाचते, करडी पोचवते. डॉक्टरांचा पट्टा मात्र दुहेरी. तो पोचवतोही आणि डॉक्टरलाच वाचतोही, कारण तिला असह्य झालं तर यंत्र आपोआप थांबायला हवं. बाकी पट्टा उलटा लागला तर त्यावरचा बारीक दिवा लाल होतो, म्हणून चूक व्हायचा प्रश्न नव्हता.

पण गुऱ्हाळाची एक रीत आहे. गुळव्याच्या अंगावरचं कापड बांधताना कळकट बाजू आत, पांढरी बाहेर. पांढरी बाजू काहिलीकडे, म्हणजे पाकात कचरा पडत नाही. चाळीस वर्षांच्या हातांनी विचार न करता तेच केलं. करडी बाजू गालाला, पांढरी बाहेर, आणि लाल झालेल्या दिव्यावर टॉवेल करकचून बांधून टाकला.

डॉक्टरांनी आपला पट्टा लावला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "अरे वा, काका. काहीच जाणवत नाहीये. आज अगदी शांत आहात."

सर्जेराव शांत मुळीच नव्हते. आठ दिवसांत त्यांनी स्वतःला जेवढं सावरलं होतं तेवढं आता निसटत चाललं होतं, आणि वर त्यांना काहीतरी भलतंच होत होतं. छातीत त्यांची स्वतःची धडधड होती, आणि तिच्या मागे दुसरी, जरा वेगळ्या ठेक्याची. डॉक्टरांनी सुई उचलली. त्याच क्षणी उजव्या वरच्या बाजूला बारीक, लांब ठणका उठला.

"आई गं!" हात वर.

डॉक्टर मागे सरल्या. "काका, मी अजून काही केलंच नाहीये. कुठे दुखलं?"

सर्जेरावांनी बोट लावलं.

"तिथे दात नाही. तिथली तर ती... बाजारातली."

"ते मला ठावं हाय. पर दुखलं."

"कधी कधी गेलेल्या दाताची आठवण दुखते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी पुन्हा सुई उचलली, आणि पुन्हा तोच ठणका. या वेळी सर्जेराव ओरडले नाहीत. ते डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून बसले, पाकाची गोळी दाढेखाली धरल्यावर बसायचे तसे. डॉक्टर थांबून राहिल्या.

"ह्ये दुखणं माझं न्हवं," सर्जेराव डोळे न उघडता म्हणाले.

"म्हणजे?"

"माझं दुखणं जाड असतंय, नगाऱ्यावानी. ह्ये बारीक हाय. दात आवळलं की येतंय, सोडलं की दमादमानं उतरतंय. थंड लागलं तर यापरीस वाईट व्हत असणार. मागनं दुसरी दाढ." त्यांनी डोळे उघडले. "डाक्टरीणबाई, सुई उचलताना तुमी दात आवळता का?"

डॉक्टरांनी पुढे होऊन टॉवेलाची गाठ सोडली, पट्ट्यावरचा लाल दिवा पाहिला, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. रंगेहाथ पकडलेल्या शाळकरी मुलीसारख्या त्या स्टुलावर बसल्या.

"तवाच गूळ डाव्या गालात धरला हुता," सर्जेराव म्हणाले. "किती दिस झालं?"

"चार महिने."

"आवो, तुमच्याच हातात समदी हत्यारं! मैतर असतील की डाक्टर."

"माझा भयांक एकोणनव्वद आहे, काका. माझ्याच दारातल्या पाटीवर पाहिलाय." डॉक्टर कसंनुसं हसल्या. "नऊ वर्षं हे काम करतेय. दुसऱ्यांच्या हजारो दाढा माझ्या तोंडात दुखून गेल्यात. कुठली सुई कुठे गेली की काय होतं, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून सगळ्यांपेक्षा जास्त भीती वाटते. सांगलीला माझ्या वर्गमैत्रिणीच्या दारात मी दोनदा जाऊन आले. पाटीवर हात ठेवला नाही. परत आले."

"म्हनून तुमी ऐंशीच्या वरची माणसं घेता."

"त्यांना कुणी घेत नाही, म्हणून घेते. मला ठाऊक आहे ते कसं वाटतं."

सर्जेरावांना काय वाटलं ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. चोपन्न वर्षं त्यांची अशी समजूत होती, की खुर्चीच्या त्या बाजूला उभं राहणाऱ्याला काही वाटत नाही. आणि ही पोरगी आपल्या दुखऱ्या दाढेवर दात आवळून, त्यांना दुखू नये म्हणून धडपडत होती. त्यांचा जीव एकदम तिच्यावर जडला. लेकीवर जडावा तसा.

"मग आदी तुमचं करू," ते म्हणाले.

"माझं मानेत उतरणार नाहीये, काका. आधी तुमचं."

या वेळी पट्टा डॉक्टरांनी लावला, पांढरी बाजू आत. दिवा हिरवा झाला आणि चौऱ्याण्णव त्यांच्यावर येऊन आदळला. सर्जेरावांनी ते समोर बसून पाहिलं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले, खांदे वर गेले. आपली भीती दुसऱ्याच्या तोंडावर कशी दिसते ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. एवढं सगळं ते एकट्यानं वागवत होते? आणि ही आता त्यातला वाटा घेऊन उभी होती, हात मात्र थरथरत नव्हता.

दुखलं. चांगलंच दुखलं, तिनं सांगितलं होतं तेवढंच. तीनदा हात वर झाला, तीनदा ती थांबली. चौथ्यांदा सर्जेरावांनी हात वर केला तेव्हा त्यांना तसं काही होत नव्हतं.

"काय झालं?"

"तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय. जरा दम खावा."

डॉक्टर मास्कमागे हसल्या, आणि त्यांनी खरोखर दम खाल्ला. शेवटी पट्टा काढताना त्यांची नजर आकड्याकडे गेली. छप्पन्न. त्यांनी यंत्राला टिचकी मारून पाहिली. यंत्र ठीक होतं.

"तुमच्याकडं बगून उतरली," सर्जेराव सुन्न जिभेनं बोबडं बोलले. "कुणीतरी संगं हाय म्हटल्यावर काय उरतंय भ्यायला?"

बाहेर वैजंताबाई दोन्ही हातांत पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. नवरा बाहेर आला, हसला, आणि हसताना लाळ गळली. वैजंताबाईंनी पदरानं पुसली आणि महिन्याभरात पहिल्यांदा म्हणाल्या, "बिबट्या हाकलणारा गडी, बगा कसा दिसतोय." सर्जेरावांना फार बरं वाटलं.

दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागलं. पहिल्या काहिलीला सगळे गडी गप्प होते, कारण दाढेची गोष्ट गावभर झाली होती. पाकमापक आकडे बोलत राहिला. सर्जेरावांनी गोळी वळली, डाव्या दाढेखाली धरली, डोळे मिटले. दाढ आतून मेलेली होती. वैजंताबाई चिपाडाच्या ढिगाशी उभ्या राहून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मग सर्जेरावांच्या भुवईचा कोपरा हलला. टक. हात वर गेला, काहील उतरली, आणि थंड करायच्या वाफ्यात गूळ सोन्यासारखा पसरला.

त्या काहिलीतली पहिली ढेप घेऊन सर्जेराव दुसऱ्या दिवशी चालकाविना धावणाऱ्या बसनं राजारामपुरीत हजर.

"दाखवलं का?"

"काका, अहो, या आठवड्यात फार गर्दी..."

"डाक्टरीणबाई, खोटं बोलणार न्हाई म्हनला हुता."

सर्जेराव बाकावर ऐसपैस बसले. "मी हितं बसतो. तुमी हात धुवा, पर्स घ्या. सांगलीला जाऊ, तुमच्या मैत्रिणीकडं. ते दोन पट्टं असत्यात, तिसरा असतुया का?"

"तिसरा? कशाला?"

"माझी भीती उतरली ती तुमी संगं हुता म्हनून. तुमच्या संगं मी बसतो की."

डॉक्टर हसायला लागल्या आणि अर्ध्यावरच थांबल्या. त्यांच्यातली डॉक्टर जागी झाली होती. पट्टे दोनच असावेत असं यंत्राला काही बंधन नव्हतं. ऐकणारे कितीही जोडता आले असते. पण ऐकणारा म्हणजे डॉक्टर, असंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. रोग्याचा धसका वाटून घ्यायला रोग्याच्या माणसालाच बसवावं, हे दहा वर्षांत एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. नियमात तसं लिहिलेलं नव्हतं. नियमाविरुद्धही लिहिलेलं नव्हतं.

सांगलीच्या डॉ. नाईकनवऱ्यांनी आपल्या वर्गमैत्रिणीबरोबर हा टॉवेलवाला माणूस पाहिला आणि त्यांना आधी काही उलगडेना. सगळं ऐकल्यावर मात्र त्यांनी तिसरा पट्टा कपाटातून शोधून आणला. "चालतंय का बघू. दारातून मी आत नेते, पण आकडा ऐंशीच्या आत आल्याशिवाय माझं यंत्र सुरू होणार नाही, एवढंच."

शांभवी हुक्केरी खुर्चीत बसल्या. खुर्चीत बसल्यावर त्या फारच लहान दिसायला लागल्या. समोरच्या काचेवर आकडा उमटला, एकोणनव्वद. त्यांनी मान फिरवून शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं.

सर्जेरावांनी पट्टा हातात घेतला. कळकट बाजू आत, पांढरी बाहेर, चाळीस वर्षांच्या रीतीनं. या वेळी तेच बरोबर होतं. दिवा हिरवा झाला, त्यावर त्यांनी टॉवेल बांधला, आणि बांधता बांधता तो धसका त्यांच्या छातीत शिरला. ओळखीचाच होता. चादरीवर दातांची रास पाहिलेल्या आठ वर्षांच्या मुलाचा असतो तसा. त्या वेळी कुणी हे बोललं असतं तर, असं जे चोपन्न वर्षं त्यांना वाटत आलं होतं, ते त्यांच्या तोंडून आपसूक निघालं.

"दुखंल, पोरी. चांगलंच दुखंल. पर एकटीला न्हाई."

काचेवरचा आकडा हलला. सत्त्याऐंशी. त्र्याऐंशी. मग बराच वेळ एक्क्याऐंशीवर अडून राहिला. शांभवीनं हात पुढे केला आणि सर्जेरावांनी तो आपल्या भाजलेल्या, खरबरीत पंजात धरला. एकोणऐंशी. यंत्राचं कुलूप उघडल्याचा बारीक आवाज झाला.

सुई आत गेली, आणि सर्जेरावांच्या उजव्या वरच्या जबड्यात, बाजारातल्या त्या दिवसापासून ओसाड पडलेल्या जागी, दुसऱ्या कुणाचा तरी दात कळवळून दुखला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"काका, आहात ना?" शांभवीनं तोंडात बोळा असल्यानं जेमतेम विचारलं.

"हाय की," सर्जेराव म्हणाले. "हितंच हाय. हात वर कर, मी थांबवतो त्यांना."

तिनं हात वर केला नाही.